सामू वेगळा, साठा वेगळा

स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर आणि भरपूर पाणी घालून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्हींचा सामू (पीएच) २.५ असू शकतो. सामू दाखवणाऱ्या कागदाला त्यांत काहीच फरक दिसणार नाही. आता प्रत्येकाचे १० मिली घ्या आणि त्यात ०.१ मोलर (लिटरला ४ ग्रॅम) कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडा. हायड्रोक्लोरिक आम्ल सहा-सात थेंबांत संपतं. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरला मात्र ६६-६७ मिली लागतात. सामू तोच, पण पचवायला लागणाऱ्या आम्लारीत दोनशे पट फरक.

शाळेत सामूपट्टी पाठ करून घेतात: ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. मग पुढे आयुष्यभर 'किती आम्लधर्मी?' या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात शोधलं जातं. खरं तर ते दोन प्रश्न आहेत. या क्षणी पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन किती, हा पहिला. त्याचं उत्तर सामू देतो. मागणी आली तर एकूण किती बाहेर पडतील, हा दुसरा; त्याला अनुमापन करावं लागतं, म्हणजे माहीत असलेलं द्रावण थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजायचं. घरात आम्ल-आम्लारीचे जे घोटाळे होतात, त्यांतले बरेचसे पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे होतात.

सामूची कल्पना सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. हो, बिअरवालेच कार्ल्सबर्ग. मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे, म्हणजे एक पायरी उतरली की हायड्रोजन आयन दहा पट. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की त्याचे जवळजवळ सगळे रेणू आपला हायड्रोजन सोडून देतात, म्हणून ते तीव्र आम्ल. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल सौम्य: दोनशे रेणूंत एखादाच फुटलेला असतो, बाकीचे तसेच राहतात. आम्लारी घालून मोकळे आयन खाऊन टाकले की आणखी रेणू फुटतात, आणि हे शेवटचा रेणू संपेपर्यंत चालतं. म्हणूनच व्हिनेगर दहा पट पातळ केलं तर सामू अर्ध्याच पायरीने चढतो, २.५ वरून ३ वर. हायड्रोक्लोरिकचा तेवढ्याच पाण्यात पूर्ण एक पायरी चढतो. 'सौम्य' हे आम्लाच्या जातीचं वर्णन आहे, बाटलीत किती भरलंय त्याचं नाही. ९९ टक्क्यांचं ॲसिटिक आम्ल सौम्यच असतं आणि कातडीही सोलतं.

आम्लारीकडेही हेच. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ असतो. खाण्याच्या सोड्याचं ५ टक्के द्रावण ८.३ च्या आसपास. कागदावर दोघं शेजारी. पण समुद्राचं एक लिटर पाणी सुमारे २.३ मिलिमोल (मोल हे रेणू मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग) आम्ल पचवतं, आणि सोड्याचं एक लिटर द्रावण जवळपास ६०० मिलिमोल. एकाचा साठा दुसऱ्याच्या अडीचशे पट.

आधी सामू बघण्याची घरची साधनं, कारण तीही नीट बनवली नाहीत तर फसवतात.

हळदीचा कागद: ३ ग्रॅम हळद २० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवा, तलम कापडातून गाळा. त्यात गाळणकागदाच्या किंवा कॉफी फिल्टरच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. पाण्यात हळद भिजवून चालत नाही; हळदीचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, नुसता गाळ चिकटतो. उन्हात वाळवू नका, रंग उडतो. गॅसजवळ तर अजिबात नको, स्पिरिट पेटतं. पावसाळ्यात पट्ट्या वाळायला वेळ लागतो. वाळल्या की लगेच घट्ट डबीत, नाहीतर दमट हवेत पिवळे डाग पसरतात. छपाईचा साधा पांढरा कागद वापरायचा मोह होतो, पण हल्लीच्या त्या कागदात भरणी म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं. म्हणजे कागद स्वतःच आम्लारिधर्मी, आणि तुम्ही द्रावण तपासताय की कागद, हे कळायला मार्ग नाही.

हळद सुमारे ७.४ पर्यंत पिवळी राहते आणि ८.६ च्या वर तांबडी-तपकिरी होते. त्यामुळे ती फक्त आम्लारी ओळखते. लिंबूरस, व्हिनेगर, साधं पाणी, सगळ्यांत पिवळीच. खाण्याच्या सोड्यालाही ती धड लाल होत नाही, नारिंगीवर अडकते. धुण्याचा सोडा, साबण किंवा चुन्याची निवळी लावली की मात्र लगेच लाल. पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करत ते याच रंगावर. त्यावर लिंबू पिळलं की ते परत पिवळं. एक इशारा: पट्टीवर दाट हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर गुलाबी-किरमिजी रंग आला आणि पाणी घालून पातळ केल्यावरही टिकला, तर तो हळदीचा नव्हे. हळदीत मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ आहे.

आम्लाच्या बाजूला गोकर्णाची निळी फुलं उत्तम. सोसायट्यांच्या कुंपणांवर वेल असतोच. दहा-बारा सुकी फुलं १०० मिली गरम पाण्यात पाच मिनिटं. ५ ते ७ ला निळा, ३-४ ला जांभळा, २ च्या आसपास गुलाबी, ८ च्या वर हिरवट, कॉस्टिकमध्ये पिवळा. द्रावण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, मग रंग मळकट होतो. कोकमातही याच कुळातले रंग असतात, पण आगळ स्वतःच इतकं आंबट की आधी त्याचंच आम्ल मारावं लागतं. दर्शक म्हणून निरुपयोगी. सोलकढीसाठी राहू दे.

आता साठ्याचा हिशेब, आणि त्याला खमणाइतकं चांगलं उदाहरण नाही. वाफवलेल्या खमणावर लाल ठिपके दिसतात आणि खाताना साबणासारखी चव येते, ती का? सोडा जास्त आणि आम्ल कमी, एवढंच. १ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरता मारायला ०.७६ ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल लागतं. दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणाऱ्या खड्यांत बऱ्याचदा स्फटिकजलही असतं. तसं असेल तर ०.८३ ग्रॅम धरा. लिंबाच्या रसात ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे एका रसदार लिंबाच्या ३० मिलीत दीड ग्रॅमच्या थोडं वर. त्यात सव्वादोन ग्रॅमपेक्षा कमी सोडा मरतो. आणि पाककृती काय सांगते? 'एक चमचा सोडा, एक लिंबू.' सपाट चहाचा चमचा ५ ग्रॅमच्या आसपास भरतो. अर्ध्याहून जास्त सोडा अनाथ राहिला.

हा उरलेला सोडा वाफेत नुसता बसून राहत नाही. ८० अंशांच्या वर तो फुटू लागतो आणि त्यातून धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, तयार होतं. त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या वर. हळद जिथे जिथे त्याला भेटते तिथे लाल ठिपका. सोडा नीट न विरघळता खडे राहिले असतील तर ठिपके ठळक. शिवाय वायूच्या बाबतीतही तोटाच: आम्लाने मारलेल्या १ ग्रॅम सोड्यातून आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला सुमारे ३०० मिली कार्बन डायऑक्साइड सुटतो, नुसत्या उष्णतेने त्याच्या निम्माच. म्हणून सोडा वाढवून खमण फुगत नाही, आम्ल वाढवून फुगतं. दही घालत असाल तर १०० ग्रॅम आंबट दह्यातलं लॅक्टिक आम्ल पाऊण-एक ग्रॅम सोडा सांभाळतं, ते हिशेबात धरा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि सोडा दोन्ही कोरडे एकत्र ठेवलेले असतात. जुलैत डबा उघडा राहिला की हवेतलं पाणीच त्यांची गाठ घालून देतं आणि केक बसतो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तरच वापरा.

अनुमापन खरं करायचं असेल तर ब्युरेट हवा, म्हणजे खाली तोटी असलेली, खुणा केलेली काचनळी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत ५० मिलीचा ब्युरेट, १० मिलीचा पिपेट (नेमकं माप ओढून घ्यायची नळी), शंकुपात्र आणि मापन-चंबू मिळतात. ब्युरेट घेताना तोटी फिरवून बघा. काचेच्या तोटीत कॉस्टिक राहिला तर ती अडकून बसते, टेफ्लॉनची बरी. आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर तो आम्लापेक्षा वाईट. आम्लाने प्रथिनं गोठून थर धरतो, कॉस्टिक मात्र ऊतक विरघळवत आत जात राहतो. बोटांना लागल्यावर जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो तुमच्याच त्वचेतल्या चरबीचा साबण होत असतो.

कॉस्टिक सोडा ४ ग्रॅम अचूक तोलून एक लिटर केला की ०.१ मोलर झाला, असं पुस्तकी गणित सांगतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे निव्वळ स्वप्न आहे. बाटली उघडल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत गोळ्या ओल्या चमकू लागतात, तराजूचा आकडा डोळ्यांदेखत चढतो. शिवाय त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट होत असतात. म्हणून उलट्या वाटेने जायचं: साधारण ४.२ ग्रॅम गोळ्या चंचुपात्रात (कागदावर नको, चिकटतात) झटपट तोलून, उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात एक लिटर करायच्या, आणि ते खरोखर किती मोलर झालं ते ऑक्झॅलिक आम्लाने काढायचं. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक हवेत टिकतात, त्यांचं वजन विश्वासाचं. ०.६३ ग्रॅम स्फटिक १०० मिलीत, म्हणजे ०.०५ मोलर. प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन देतो, हे विसरलात तर सगळी उत्तरं निम्मी येतील. आणि ते विषारी आहे. पिपेट तोंडाने ओढायचा नाही, रबरी फुगा वापरायचा.

कार्बोनेटचा जाच टाळायची जुनी युक्ती म्हणजे ५० टक्क्यांचं दाट कॉस्टिक द्रावण करून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवून देणं. इतक्या दाट द्रावणात कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ ५.२ मिली घेऊन लिटरभर केलं की ०.१ मोलरच्या जवळ. बनवताना मात्र द्रावण भयंकर तापतं. भांडं गार पाण्यात ठेवूनच, गोळ्या थोड्या-थोड्या.

ब्युरेट धुतल्यावर दोनदा कॉस्टिकनेच विसळायचा, नाहीतर आत राहिलेलं पाणी त्याला पातळ करतं. पिपेट ज्या द्रावणाचा, त्यानेच विसळायचा. शंकुपात्र मात्र नुसत्या पाण्याने. ते आम्लाने विसळलंत तर मोजलेल्यापेक्षा जास्त आम्ल आत गेलं. ही एकच गोष्ट परीक्षेच्या प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त गुण खाते. तोटीखालच्या नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मध्येच सुटला की वाचन अर्ध्या मिलीने खोटं. पिपेटच्या टोकाला राहणारा शेवटचा थेंब फुंकायचा नाही, तो धरूनच पिपेटवर खूण केलेली असते.

ऑक्झॅलिकचे १० मिली, फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब, खाली पांढरा कागद. एका हाताने तोटी, दुसऱ्याने पात्र गोल फिरवत. कॉस्टिक पडेल तिथे गुलाबी ढग येईल आणि विरेल. ढग विरायला वेळ लागू लागला की थेंब-थेंब. अगदी फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा. त्यानंतर तो उडाला तर घाबरू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो पुसतो. गडद गुलाबी आलं तर पुढे गेलात, ते वाचन सोडून द्या. एकमेकांपासून ०.१ मिलीच्या आत असलेली तीन वाचनं मिळेपर्यंत करायचं. समजा १०.४ मिली लागले, तर कॉस्टिक ०.०९६ मोलर.

आता व्हिनेगर. १० मिली घेऊन १०० मिली करा, त्यातले १० मिली पात्रात. म्हणजे मूळ व्हिनेगर १ मिली. ०.०९६ मोलरचे ६.९ मिली लागले तर ०.६६ मिलिमोल आम्ल. त्याला ६० ने (ॲसिटिक आम्लाच्या रेणुभाराने) गुणलं की ४० मिलिग्रॅम. १ मिलीत ४० मिलिग्रॅम म्हणजे ४ टक्के. बाटलीवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. कॉस्टिक नेमका ०.१ मोलर असेल तर गणित आणखी सोपं, वाचनाला ०.६ ने गुणायचं.

या पूर्ण प्रवासात सामू काय करतो, ते बघण्यासारखं आहे. पहिल्या दहाव्या हिश्श्यापासून नवव्या हिश्श्यापर्यंत तो ३.८ वरून ५.७ वर रेंगाळतो. बरोबर अर्ध्यावर ४.७६. इथे व्हिनेगर आणि त्याचा क्षार दोन्ही हजर असतात आणि घातलेला कॉस्टिक पचवत राहतात. मग शेवटच्या दोन थेंबांत सामू ७ च्या जवळून एकदम १० च्या पुढे. फिनॉल्फ्थॅलिन ८.३ ला रंगू लागतं, बरोबर त्या उडीत. त्याऐवजी मिथिल ऑरेंज घेतलंत तर ते ३.१ ते ४.४ मध्येच बदलतं. म्हणजे ६.७ मिली लागायला हवेत तिथे दोन मिलीपर्यंतच तांबड्याचं पिवळं होऊन जाईल, तेही इतकं हळूहळू की अंत्यबिंदू कुठे हे दोन माणसं वेगवेगळं सांगतील. दर्शक वाईट नाही, जागा चुकीची. आणि अंत्यबिंदूला सामू ७ नसतो, ८.७ च्या आसपास असतो, कारण सोडियम ॲसिटेट स्वतःच किंचित आम्लारिधर्मी आहे. 'उदासिनीकरण झालं म्हणजे सामू ७' हे फक्त तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या जोडीला लागू.

घरातल्या दगडांकडे वळू. संगमरवर, कोटा, शहाबादी फरशी आणि काळा कडप्पा हे सगळे चुनखडीच्या कुळातले. लिंबूरस, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, ताक, काहीही सांडून राहिलं की तकाकी जाते, आणि तो डाग नसतो. दगडच विरघळलेला असतो, त्यामुळे घासून निघत नाही, परत पॉलिशच लागतं. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. विट्रिफाइड टाइलही टिकते, पण तिच्या सांध्यांतलं सिमेंट आम्ल खातं. 'ॲसिड मारून' चकाचक केलेल्या बाथरूममधून काही महिन्यांनी खालच्या घरात पाणी झिरपायला लागतं, त्याचं हे एक कारण.

पालिकेचं धरणांचं पाणी त्यामानाने मऊ. टँकर आणि बोअरच्या पाण्याने मात्र नळांवर, शॉवरवर पांढरा थर जमतो. त्यावर हायड्रोक्लोरिक नको, त्यातलं क्लोराइड स्टीललाही छिद्रं पाडतं आणि क्रोमचा मुलामा उडवतं. ५० ग्रॅम लिंबूफूल एक लिटर कोमट पाण्यात, कापड भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळा, मग भरपूर पाण्याने धुवा. किटलीसाठीही हेच, पण उकळायचं नाही. गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेट आणखी कमी विरघळतं आणि जुन्या थराच्या जागी नवा, जास्त चिवट थर बसतो.

दाट आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात, कधीही पाणी आम्लात नाही. सल्फ्युरिक आम्लावर पाणी पडलं तर ते तिथल्या तिथे उकळून उडतं. आम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, दुकानदाराने खरेदीदाराचं ओळखपत्र बघून नोंदवही ठेवायची असते. संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद, खिडकी नसलेल्या मुंबईच्या बाथरूममध्ये हे जीवघेणं आहे. एक वापरलं असेल तर दुसरं त्या दिवशी नकोच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं आम्ल फरशीवर सांडलं तर खाण्याचा सोडा पसरा आणि फसफस पूर्ण थांबेपर्यंत घालत राहा. फसफस थांबली म्हणजे साठा संपला. अंगावर सांडलं तर सोडा शोधत बसू नका, वीस मिनिटं वाहतं पाणी सोडा. उदासिनीकरणातून उष्णता निघते, आणि भाजलेल्या कातडीला ती नको असते.